श्रीखंडाचा डबा आणि सातेरीची जीभ

हवेत काहीच नव्हतं! अगदी काही म्हणजे काही नाही! पडवीच्या वाशाखाली, जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर नुसती मोकळी हवा, आणि त्या मोकळ्या हवेत तीस-चाळीस मधमाश्या गोल गोल फिरतायत, थबकतायत, पुढे येतायत, मागे सरतायत, पुन्हा फिरतायत! बरणी तिथे होती, पण ती पाच मिनिटांपूर्वी! मी ती काढून सात पावलांवर, न्हाणीच्या बाजूच्या खांबाला टांगली होती आणि तिथे माशी नव्हती. एकही नाही! मी इतक्या जोरात ओरडले की आमचे हे आतून काठी घेऊनच धावत आले. त्यांना वाटलं, जनावर निघालं!

बसा जरा. सगळं पहिल्यापासून सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मला यातलं शास्त्र येत नाही. मी आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसले, पक्ष्यांचा आणि माझा संबंध कावळ्याला घास ठेवण्यापुरता. मधमाशीचा संबंध औषधाच्या मधापुरता. तेव्हा चुकलं तर जाणकारांनी हक्काने सांगावं. पण जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते इतकं भारी आहे की ते सांगितल्याशिवाय मला चैनच पडणार नाही!

सुरुवात झाली ताईमुळे. ताई न्यू जर्सीला असते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक लाल बशीसारखं काहीतरी टांगलेलं असतं, त्यात साखरपाणी, आणि त्यावर येतात हमिंगबर्ड! एकदा तिने फोनवर दाखवलं. गळ्याशी माणकासारखा लाल, पाठ हिरवी, वजन साधारण तीन ग्रॅम. तीन ग्रॅम हो! आपली पाच रुपयांची जुनी जाड नाणी यापेक्षा जड असतात! आणि तेवढासा जीव थंडीच्या आधी मेक्सिकोचं आखात ओलांडून दक्षिणेला जातो. मी म्हटलं, ताई, मला पण हवा असला पक्षी! तर ती हसली, म्हणाली, अगं, हे फक्त अमेरिका खंडांतच असतात, साडेतीनशेच्या वर जाती आहेत, पण सगळ्या इकडेच. तुझ्याकडे शिंजीर आहे की! जास्वंदीवर बघ.

जास्वंदीवर बघ! चाळीस वर्षं ती जास्वंद आमच्या मागल्या दारी आहे. त्यावर काहीतरी बारीक टिचटिच करत असतं हे मला ठाऊक होतं, पण मी कधी नीट बघितलं नव्हतं. बघितलं. आणि मग मी खुर्ची नेऊन तिथेच बसले, आणि मग चहा पण तिथेच मागवला, आणि मग दुपारचे साडेबारा वाजले! अहो, काय रंग असतात! नराचं डोकं उन्हात हिरवं चमकतं, गळा जांभळा, पाठ तांबूस, पोट पिवळं, आणि शेपटीच्या वर पुन्हा जांभळी झळक. दहा सेंटिमीटरचाही पक्षी नाही आणि एवढे रंग! मादी साधी, करडी-पिवळी, पण धीट तीच जास्त. शिंजीर म्हणा, सूर्यपक्षी म्हणा, आपल्याकडे त्याच्या दोन-तीन जाती अगदी दारात असतात, आणि एक लाल छातीचा तर पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. आपल्या दारात! आणि आपण फोनवर न्यू जर्सीचे पक्षी बघतोय!

मग मला घाईच सुटली. ऑनलाइन एक बाटली मागवली. उलटी टांगायची बरणीसारखी बाटली, खाली लाल बशी, बशीला चार पिवळी प्लास्टिकची फुलं, फुलाच्या मधोमध भोक. साखरपाण्याचं माप ताईने सांगितलं: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. साधी पांढरी साखर. गूळ नाही, कारण त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मध नाही, तो पाण्यात कालवला की लवकर बुरशी धरतो. खायचा रंग तर अजिबात नाही. मी उकळलं, निववलं, भरलं, पडवीच्या तोंडाशी टांगलं, आणि वाट बघत बसले.

हे दिवस लक्षात घ्या हं. दिव्याची अवस होऊन गेली होती. त्याआधी आठ-दहा दिवस नुसती झड. आमचं घर पावस गावच्या रस्त्याला आत, पलीकडे कातळ, अलीकडे हापूसची कलमं, आणि पावसाळ्यात कलमांखाली चिखल आणि शेवाळं सोडून काही नाही. आणि मग उघडीप पडली. चकचकीत ऊन! आणि त्या उन्हात पहिल्या दिवशी आली एक माशी. मी म्हटलं, ये बाई! दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच दिसेना, नुसता काळा-पिवळा हलणारा घोस! शिंजिराची मादी एकदा आली, तारेवर बसली, मान वाकडी करून तो घोस बघितला आणि भुर्रकन गेली. आणि संध्याकाळी बाटली काढली तर आत सतरा माश्या बुडून मेलेल्या. सतरा मोजल्या मी. मला फार वाईट वाटलं. पक्ष्याला खाऊ घालायला गेले आणि या बिचाऱ्या मेल्या.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? शेजारच्या काकूंनी चार उपाय सांगितले: धूर कर, कासवछाप लाव, बरणीला खोबरेल फास, नाहीतर घासलेटाचा बोळा ठेव. काकूंचा जीव मोठा, त्या प्रेमानेच सांगत होत्या. पण तेल नको हे मी तिथल्या तिथे म्हटलं, कारण तेल पिसांना लागलं की पीस चिकटतं आणि पाखराचं उडणंच बिघडतं. आणि घासलेट? जिथे शिंजीर चोच घालणार तिथे? छे!

रात्री ताईला फोन केला. ती म्हणाली, अगं, इथे पण हेच! तिकडच्या हमिंगबर्डवाल्यांचं निम्मं आयुष्य माश्या आणि गांधीलमाश्या हटवण्यात जातं! आणि मग तिने एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि मग मी शोधून वाचायला सुरुवात केली, आणि मग रात्रीचे दोन वाजले, आणि मग मला झोपच येईना, कारण प्रत्येक गोष्टीमागे दुसरी एक गोष्ट निघत होती!

पहिली गोष्ट: बाटली गळत होती! मला कळलंच नव्हतं. उलट्या बाटलीत पाण्याच्या वर थोडी हवा कोंडलेली असते. ऊन लागलं की ती हवा तापते, फुगते, आणि पाण्याला खाली ढकलते. ठिब, ठिब, ठिब. ते गोड थेंब बशीवर, फुलांवर, खालच्या फरशीवर. म्हणजे मीच माश्यांना दारापासून घरापर्यंत साखरेची रांगोळी घालून दिली होती! पक्ष्यासाठी ठेवलेलं पाणी सावलीत टांगायचं, हे इतकं साधं!

दुसरी गोष्ट: ती पिवळी फुलं! माशीला पिवळा दिसतो, निळा दिसतो, आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशसुद्धा दिसतो. आणि लाल? लाल तिला लाल म्हणून दिसतच नाही! कार्ल फॉन फ्रिश नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी हे किती साधेपणाने शोधलं बघा. करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांचे कागद मांडले, मधे एक निळा कागद, आणि त्या निळ्यावर साखरपाण्याची बशी. माश्या शिकल्या. मग साखरपाणी काढून घेतलं, कागदांच्या जागा बदलल्या, तरी माश्या नेमक्या निळ्यावर! म्हणजे रंग दिसतो. मग तेच लाल कागदावर केलं, तर माश्या लाल आणि गडद काळा यांत गोंधळल्या! कागद आणि बश्या, एवढ्यावर! याच माणसाला पुढे १९७३ साली नोबेल मिळालं, लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्याबरोबर. आणि माझ्या बाटलीवर कारखान्याने चार पिवळी फुलं लावलेली. म्हणजे माश्यांसाठी पाटीच! मी रात्री दोन वाजता उठून ती चारही उपटली.

तिसरी गोष्टही फॉन फ्रिशचीच, आणि ती वाचून माझ्या अंगावर काटा आला. माशी नाचून पत्ता सांगते! तुम्ही शाळेत वाचलं असेल, मीही वाचलं होतं, पण तेव्हा ते परीक्षेसाठी होतं. आता विचार करा. आमच्या गडग्याच्या चिऱ्यांमधे एक फट आहे, त्या फटीत सातेरी मधमाश्यांचं पोळं आहे. आत काळोख. त्या काळोखात, उभ्या पोळ्यावर, माझ्या बरणीहून परतलेली माशी शेपूट हलवत सरळ रेषेत चालते. सरळ वर चालली तर सूर्याच्या दिशेला जा. वरच्या रेषेपासून जेवढा कोन डावीकडे, तेवढं सूर्याच्या डावीकडे. जितका वेळ हलत चालली तितकं अंतर लांब. आणि बाकीच्या तिला चिकटून, काळोखात, अंगाने तो नाच वाचतात! फॉन फ्रिशचा विद्यार्थी मार्टिन लिंडाउर १९५० च्या दशकात श्रीलंकेला आला होता, आपल्या या सातेरीचा, आग्या माशीचा आणि फुलोरी माशीचा नाच बघायला. त्याला आढळलं की नाच सगळ्यांचा साधारण एकाच पद्धतीचा, पण अंतराचं माप प्रत्येकीचं निराळं. बोलीच म्हणा ना, जशी आपली मालवणी वेगळी आणि संगमेश्वरी वेगळी! आणि हे सगळं माझ्या गडग्यात चाललंय! "दारातून उजवीकडे, पडवीच्या तोंडाशी, गोड आहे, चला!" माझ्या पडवीचा पत्ता काळोखात नाचून सांगितला जातोय!

आता कळलं का, मी सकाळी का ओरडले? माशी जागा पाठ करते. आसपासच्या खुणा धरून, हा खांब, ती कुंडी, तो वासा, अशी नेमकी जागा. म्हणून ताई म्हणाली, बरणी थोडी हलव आणि बघ. पक्षी नजरेने शोधत फिरतो, त्याला दोन मिनिटांत सापडते. माश्या जुन्या जागी येतात. आणि मी हलवली, आणि मग वळून बघितलं, आणि मग त्या रिकाम्या हवेत, जिथे काहीच नव्हतं तिथे, तीस-चाळीस माश्या! एका नसलेल्या बरणीभोवती! मी हात पुढे नेला त्या जागेत. एकीनेही डंख मारला नाही. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, त्या हरवलेलं काहीतरी शोधत होत्या. मला तर एकदम गलबलून आलं.

पण पुढचं खरं सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता त्यांना नवी जागा सापडली! एकीला सापडली असणार, मग ती गडग्यात जाऊन नाचली असणार, आणि मग सगळ्या हजर! जागा बदलण्याचा उपाय एक दिवस पुरतो. दोन दिवस, नशीब असेल तर.

आता येतो श्रीखंडाचा डबा! ताईची ती लाल बशी आठवते ना? तिच्याकडे माश्या येतात, बसतात आणि जातात. का? कारण बशीत पाणी भोकापाशी नसतंच, ते खाली असतं! बाटलीत पाणी भोकाच्या तोंडाला टेकून उभं असतं, माशीने जीभ काढली की गोड. बशीत भोक वर, झाकणात, आणि पाणी तळाशी. मधे रिकामी जागा. सातेरीची जीभ साधारण पाच मिलिमीटर. शिंजिराची चोच त्याच्या तिप्पट तरी, वर जीभ आणखी बाहेर येते. म्हणजे झाकण आणि पाणी यांच्यात पुरेसं अंतर ठेवलं की झालं! एवढंच! कुणाला हाकलायचं नाही, कुणाला मारायचं नाही, धूर नाही, तेल नाही. नुसतं अंतर!

तशी बशी इथे कुठे मिळणार? मी फडताळ उघडलं. अर्धा किलो श्रीखंडाचा डबा, पसरट, घट्ट लाल झाकण! लाल! मी दाभण गॅसवर तापवलं आणि झाकणाला चार भोकं पाडली. तीन मिलिमीटरची, पट्टी लावून मोजली, कारण भोक मोठं झालं तर माशी आतच शिरेल आणि पुन्हा बुडेल. कडा गुळगुळीत व्हायला हव्यात, नाहीतर चोचीला लागेल, म्हणून काचपेपरने घासल्या. बाजूने जाड तार गोल वळवून बसायला कडं केलं. डबा अर्धाच भरला. झाकणापासून पाण्यापर्यंत अंतर मोजलं: बारा मिलिमीटर! आणि पडवीत आत, सावलीत टांगला.

पहिल्या दिवशी वारा होता. डबा हिंदकळला, पाणी झाकणाला आतून लागलं, आणि माश्या पुन्हा आल्या. मला रडू यायचं बाकी होतं. मग डब्याला तीन बाजूंनी तारा लावल्या आणि खालून एक दोरी खांबाला बांधली, की डोलायला नको. आणि मुंगळे! त्यांचं सांगायचंच राहिलं. तारेवरून रांगच लागली. आणि इथे मला माझी आजी आठवली. आजीचं जाळीचं कपाट, त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंगी पाणी ओलांडत नाही! मी एक लहान वाटी घेतली, तिच्या तळाला भोक पाडून त्यातून तार ओवली, भोक मेणाने बंद केलं, वाटीत पाणी भरलं, आणि ती वाटी डब्याच्या वर तारेवर राहिली. अमेरिकेत यासाठी खास वस्तू विकत मिळते म्हणे! आमच्या आजीने फुकटात केलेलं आहे हे!

आणि मग चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ती आली. मादी. कड्यावर बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चोच झाकणावर टोचली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, आणि मग भोक सापडलं! चोच आत! गळा हलला! मी श्वास धरून उभी. हातातला चहा गार झाला. तिने चोच बाहेर काढली आणि मला तिची जीभ दिसली. दिसली हो! दोऱ्यासारखी बारीक, क्षणभर बाहेर, आणि आत! ती जीभ नळीसारखी असते आणि टोकाला दुभंगलेली असते हे मी नंतर वाचलं, पण ती बघितली माझ्या पडवीत!

आणि त्याच वेळी, ऐका, त्याच झाकणावर एक सातेरी येऊन बसली. पक्षी एका बाजूला, माशी दुसऱ्या बाजूला. माशी चालत चालत भोकापाशी आली. तोंड टेकलं. जीभ काढली. आत पाणी बारा मिलिमीटर खाली, हिची जीभ पाच. सात मिलिमीटर कमी पडले! तिने दुसरं भोक बघितलं. तिसरं बघितलं. मिशा पुसल्या आणि उडून गेली. भांडण नाही, डंख नाही, मरण नाही. सात मिलिमीटर! अहो, सात मिलिमीटरमधे सगळा प्रश्न सुटला!

आता मी तेवढ्यावर गप्प बसले असते तर बरं, पण मला वाटायला लागलं, माश्यांचं काय? त्या उपाशी गेल्या की! म्हणून मी एका करवंटीत दाट साखरपाणी केलं, एकास एक, बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकल्या, आणि लांब, गडग्यापाशी ठेवलं. माश्या तिकडे गेल्या, पडवी मोकळी! कारण माशीला दाट पाक आवडतो. ज्या फुलांवर पक्षी येतात त्यांतला रस बहुधा भरपूर आणि पातळ असतो, माश्यांच्या फुलांतला थोडा आणि दाट. एकास चार हे माप पक्ष्याचं, माशीचं नव्हे! मला वाटलं, दोन्ही पंगती बसवल्या, आपण जिंकलो!

पण आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक काका आहेत, त्यांच्या सातेरीच्या पेट्या आहेत. त्यांना कौतुकाने करवंटी दाखवली. ते गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनी, माशी काय चोर नाय. पावसात फूल नाय, त्यात झडीत बाहेर पडता येत नाय. पोट तिला पण हाय. उघडीप पडली की जे गावंल ते." आणि मग त्यांनी समजावलं. पावसाळ्यात तेही पेट्यांना साखरेचा पाक देतात, पण पेटीच्या आत, आणि संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. उघड्यावर पाक ठेवला की आसपासच्या सगळ्या पोळ्यांच्या माश्या एका ठिकाणी जमतात, लुटालूट सुरू होते, जोरदार पोळं कमजोर पोळ्यावर तुटून पडतं. आणि एका पोळ्याचा रोग दुसऱ्याला जातो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्यांमागून पेट्या रिकाम्या केल्या होत्या. शिवाय, तो पाक माश्या मधाच्या कोठीत साठवतात, मग त्या मधाला मध कसं म्हणायचं?

मी करवंटी त्याच दिवशी उचलली. तुम्हीही ठेवू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण हा उपाय ऐकायला फार गोड वाटतो आणि सगळे पहिल्यांदा हाच सांगतात.

"मग त्यांना द्यायचं काय?" मी विचारलं. काकांनी आमच्या तुळशीकडे बोट दाखवलं. "मंजिऱ्या का खुडल्या?" मी म्हटलं, खुडतातच की, झाड वाढावं म्हणून. ते म्हणाले, "निम्म्या ठेवा." एवढंच!

मी निम्म्या ठेवल्या. आठ दिवसांत तुळशीवर माश्या! बारीक बारीक फुलं, आणि प्रत्येक फुलावर थांबून, डोकं घालून, पुढच्या फुलावर! गडग्यापाशी तेरडा फुलायला लागलाय, गौरीला लागतो तोच, तर त्या गुलाबी फुलातही माशी पूर्ण आत शिरते आणि पाठीवर पांढरी पूड घेऊन बाहेर येते! पाठीवर टिळा लावल्यासारखी! मी दरवर्षी तेरडा उपटून गौरीला वाहते, पण त्यात माशी शिरते हे कधी बघितलं नव्हतं!

आणि मग डोळेच बदलले माझे. जास्वंदीकडे बघितलं तर काय! शिंजीर फुलाच्या समोरून जातच नाही! तो बाजूला बसतो, फुलाच्या बुडाला चोच खुपसतो आणि तिथून रस काढतो. परागाला स्पर्श नाही, काही नाही. म्हणजे रस घेतला आणि काम केलं नाही! आणि आपण माशीला चोर म्हणतो! शेजारच्या अंगणातलं हॅमेलिया, ती शेंदरी नळ्यांची फुलं, ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आणि तिकडे त्याच्यावर हमिंगबर्ड येतात. इथे त्याच्यावर आपला शिंजीर लटकलेला असतो! ताईच्या पक्ष्याचं फूल, माझा पक्षी! आणि हापूसच्या कलमांवरचं बांडगूळ, जे आपण दरवर्षी कोयत्याने तोडतो, त्याच्या नळीसारख्या फुलांवरही शिंजीर येतो. कलमासाठी ते तोडायलाच हवं, मला मान्य आहे. पण यंदा तोडताना मी आधी बघणार आहे!

एक गोष्ट विसरले तर फार वाईट होईल. पाणी दर दुसऱ्या दिवशी बदला. आपल्या या दमट हवेत साखरपाणी किती पटकन आंबतं हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगावं? सकाळची नीरा दुपारी माडी होते, तेच इथे होतं. एकदा मी तीन दिवस बदललं नाही, झाकण उघडलं तर आंबूस वास. आंबलेलं पाणी पाखराला बाधतं, आणि त्या वासाला गांधीलमाश्या येतात. डबा गरम पाण्याने, बारीक ब्रशने धुवायचा, साबण लावलात तर त्याचा अंश राहू द्यायचा नाही. मला दहा मिनिटं लागतात. हे दिवसाआड जमणार नसेल तर डबा टांगूच नका, त्यापेक्षा जास्वंदीची एक फांदी लावा. हे मी मनापासून सांगते. फूल आंबत नाही, गळत नाही, धुवावं लागत नाही.

आज सकाळी पुन्हा उघडीप होती. नर आला होता, पहिल्यांदाच! उन्हाची तिरीप पडवीत आली, त्याने मान वळवली आणि डोक्यावरचा हिरवा रंग एकदम पेटला, विझला, पेटला! समोर तुळशीवर सहा माश्या. डब्यावर एकही नाही. मी ताईला फोन लावला, तिच्याकडे रात्र होती, ती झोपेतून उठली आणि आम्ही दोघी काही न बोलता बघत राहिलो.

तुमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा असेलच. दाभण तापवा, तीन मिलिमीटरची भोकं पाडा, अर्धाच भरा, सावलीत टांगा. आणि आज संध्याकाळी तुळशीला पाणी घालाल तेव्हा, निम्म्या मंजिऱ्या तरी राहू द्या.